लाँगयिअरब्येन ते उत्किआग्विक: हवाई अंतर नक्की किती?

नकाशेवाला
नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयिअरब्येन आणि अलास्काच्या उत्तर टोकावरचं उत्किआग्विक (२०१६ पर्यंतचं नाव बॅरो) या दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर हवं आहे. वेगवेगळ्या ठिकाणी चार आकडे दिसतात: ३,२०३, ३,३८०, ३,३९५ आणि ५,००५ किमी. पहिल्या आणि शेवटच्या आकड्याचा एकमेकांशी काही ताळमेळच नाही.

निर्देशांक असे:
लाँगयिअरब्येन ७८°१४′४६″ उत्तर, १५°२७′५६″ पूर्व
उत्किआग्विक ७१°१७′०७″ उत्तर, १५६°४६′ पश्चिम

यातला खरा आकडा कोणता आणि बाकीचे आले कुठून? आणि अंतर जर इतकं कमी असेल तर या दोन गावांमध्ये थेट विमान का नाही?

चहाटळ
दोन्ही गावांत मिळून आठ हजार डोकी नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालं. पहिल्यासाठी खुर्ची ओढून बसतो.

त्रिज्या
३,३८० आणि ३,३९५ हे दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. फरक पृथ्वीचा आकार काय धरला एवढाच.

आधी गोल धरू. दोन रेखांशांमधला फरक १५.४७ + १५६.७७ = १७२.२३°, म्हणजे दोन्ही गावं ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोर.

कोसाइन(अंतर) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × कोसाइन(रेखांश-फरक)
= ०.९७९०३ × ०.९४७१३ − ०.२०३७१ × ०.३२०८५ × ०.९९०८२
= ०.८६२५१

याचा कोन ३०.४०° निघतो. ६,३७१ किमी त्रिज्येच्या गोलावर एका अंशाला १११.१९५ किमी, म्हणून ३,३८० किमी.

आता ध्रुवांशी चपटी असलेली खरी पृथ्वी घ्या. जीपीएस वापरतं तेच डब्ल्यूजीएस-८४ प्रमाण. त्यावर साधारण ३,३९५ किमी, म्हणजे १,८३३ सागरी मैल. उड्डाणासाठी हाच आकडा धरावा.

ताळा करायची सोपी रीत: लाँगयिअरब्येन ध्रुवापासून ११.७५° वर आहे आणि उत्किआग्विक १८.७१° वर. थेट ध्रुवावरून गेलं तर बेरीज ३०.४७°. सर्वांत छोटा मार्ग ३०.४०°. म्हणजे ध्रुवाला हात लावून जायचा जादा खर्च फक्त साडेसात किलोमीटर! प्रत्यक्ष मार्ग ध्रुवाच्या जवळजवळ १° बाजूने, म्हणजे सुमारे १११ किमीवरून, ७०° पश्चिम रेखांशाच्या आसपास सरकतो.

पाटी_पेन्सिल
एक शंका. ध्रुवांपाशी पृथ्वी चपटी आहे, केंद्रापासूनचं अंतर कमी (६,३५७ किमी). मग चपट्या पृथ्वीवर अंतर कमी यायला हवं ना? तुमच्याकडे तर ते १५ किमी वाढलंय.

त्रिज्या
@पाटी_पेन्सिल, हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. केंद्रापासून किती दूर, याला इथे महत्त्व नाही. पृष्ठभाग किती वाकलेला आहे, याला आहे. ध्रुवाजवळ तो सपाट, म्हणजेच कमी वाकलेला, म्हणजेच तिथली वक्रतेची त्रिज्या मोठी: जवळजवळ ६,४०० किमी. म्हणून अक्षांशाचा एक अंश विषुववृत्तापाशी ११०.५७ किमी आणि ध्रुवापाशी १११.६९ किमी. आपला अख्खा मार्ग ७१° च्या वर, त्यामुळे प्रत्येक अंशामागे थोडी थोडी भर पडत जाते.

आणखी एक. विमान ११ किमी उंचीवरून जातं, त्याने सुमारे ६ किमी वाढतात. ते कोणी मोजत नाही, मोजूही नये. वाऱ्याचा फरक त्याच्या कितीतरी पट असतो.

खलाशीबुवा
५,००५ चं गुपित माझ्याकडे. ते र्‍हंब लाइनचं अंतर आहे, म्हणजे एकच दिशा धरून गेलात तर पडणारं. लाँगयिअरब्येनहून २६१° धरा आणि ती सोडू नका. रेषा ग्रीनलंड आणि कॅनडाच्या बेटांवरून पश्चिमेकडे घसरत घसरत अलास्काला लागते. मर्केटर नकाशावर ती पट्टीने ओढल्यासारखी दिसते. वरून, ध्रुवाच्या बाजूने पाहिलं तर जिलबीचं अर्धं वेटोळं.

मुंबई–एडन पट्ट्यात र्‍हंब लाइन आणि बृहद्वृत्त (गोलावरचा सर्वांत छोटा मार्ग) यांच्यात फरक नावालाच, म्हणून जहाजांवर ती सर्रास चालते. इथे मात्र ४८ टक्के जादा. काही संकेतस्थळांवर दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात, तिथे चुकीचं बटण दाबलं गेलं की हा आकडा हाती येतो.

चहाटळ
धाग्यावर जिलबी पडली एकदाची. (हलके घ्या, बुवा)

अनुराधा_क
राहिला ३,२०३. पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह गळालंय. १५६.७७ हे पूर्व धरलं तर फरक १७२.२३° ऐवजी १४१.३०° होतो आणि गोलावरचं अंतर बरोब्बर ३,२०३ किमी येतं.

यातली खरी मेख ही की चूक लपून राहते. दिल्ली–न्यूयॉर्कला उणे चिन्ह विसरलात तर उत्तर इतकं विचित्र येतं की लगेच कळतं. इथे जागा थेट सैबेरियाच्या बाजूला गेली तरी उत्तर अवघ्या १७७ किमीने हललं, कारण वर सगळे रेखांश एकमेकांना खेटून आलेले असतात. उत्तर 'पटण्यासारखं' आहे म्हणून ते बरोबर आहे असं ७०° च्या वर कधीही समजू नये. ताळा दिशेवरून करा: लाँगयिअरब्येनहून निघतानाची दिशा ३५५° यायला हवी, उत्तरेच्या किंचित पश्चिमेला. उत्तरेच्या पूर्वेकडची दिशा आली की समजा चिन्ह गेलं.

या जोडीत हमखास होणाऱ्या बाकीच्या चुका:

मध्यबिंदू काढायला दोन अक्षांशांची आणि दोन रेखांशांची सरासरी घेणं. सरासरी येते ७४.८° उ., ७०.६° प., म्हणजे बॅफिनच्या उपसागरात. खरा मध्यबिंदू ८६.४° उ., १४४° प. च्या आसपास, बर्फाळ समुद्रात.

विमानतळ नावाने शोधणं. उत्किआग्विकच्या विमानतळाचं नाव वायली पोस्ट–विल रॉजर्स स्मारक विमानतळ. ओक्लाहोमा सिटीत एक विमानतळ वायली पोस्टच्या नावाचा आणि दुसरा विल रॉजर्सच्या. 'बॅरो' शोधलं तर इंग्लंडमधलं बॅरो आणि ऑस्ट्रेलियाचं बॅरो बेटही रांगेत उभं राहतं. म्हणून नाव नाही, कोड टाका: बीआरडब्ल्यू किंवा पीएबीआर. लाँगयिअरब्येनसाठी एलवायआर किंवा ईएनएसबी.

अंश-मिनिटं-सेकंद दशांशात न बदलता ७८.१४४६ असं लिहिणं. खरं ७८.२४६१. एवढ्याने ११ किमीचा फरक पडतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

पाटी_पेन्सिल
अनुराधाताई, वाचनखूण साठवली. त्रिज्या, ११०.५७ आणि १११.६९ ने डोक्यात प्रकाश पडला.

जुनीपाने
थोडं अवांतर. हा मार्ग नुसता कागदावरचा नाही. एप्रिल १९२८ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयलसन यांनी पॉइंट बॅरोहून उडून स्पिट्सबर्गेन (स्वालबार्डचं मुख्य बेट) गाठलं होतं. विमान लॉकहीड व्हेगा, एक इंजिन, वीस तासांहून जास्त उड्डाण, अंतर सुमारे ३,५०० किमी. ते ध्रुवावरून गेले नाहीत, मुद्दाम कॅनडाच्या बाजूने वळसा घेतला, कारण त्या पट्ट्यात कुठे जमीन आहे का हे पाहायचं होतं. शेवटी वादळात एका छोट्या बेटावर उतरून काही दिवस अडकून पडले.

त्याच्या दोन वर्षं आधी, मे १९२६ मध्ये, अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचं 'नोर्गे' हवाईजहाज उलट दिशेने गेलं: स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंडहून ध्रुवावरून अलास्कातल्या टेलरला. ते बांधायचा लोखंडी मनोरा नी-ऑलेसुंडला अजून उभा आहे.

गोंयकार
नी-ऑलेसुंडचं नाव निघालं म्हणून. भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र तिथेच, २००८ पासून. त्याचा कारभार पाहणारी संस्था आमच्या वास्कोत. लाँगयिअरब्येनपासून नी-ऑलेसुंड हवाई अंतराने जेमतेम ११० किमी, पण तिथे जाणारा रस्ता नाही. छोटं विमान किंवा बोट. अनेक वर्षं त्या फेऱ्या डॉर्नियर २२८ ने होत आल्या आहेत, आणि हेच विमान आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवतं. सामानाचं वजन काटेकोर तोलतात, त्यामुळे जड उपकरणं बोटीने पाठवायचा बेत आधीपासून करावा लागतो.

डिस्पॅच_डेस्क
आता दुसरा प्रश्न. चहाटळांचं उत्तर व्यवहाराला धरून आहे, पण समजा कोणी चार्टर करायचं ठरवलं तर काय काय आड येतं ते लिहितो.

अंतर आड येत नाही. १,८३३ सागरी मैल म्हणजे ४५० नॉटने (ताशी ४५० सागरी मैल) चार तास पाच मिनिटं, चढ-उतार धरून साडेचार तास. बोइंग ७३७-८०० ला हे सहज झेपतं. लाँगयिअरब्येनची धावपट्टी सुमारे २,४८० मीटर, उत्किआग्विकची सुमारे २,१६० मीटर. दोन्ही पुरतात.

अडचण मधल्या पट्ट्यात. दोन इंजिनांच्या विमानाला एक बंद पडल्यावर ठराविक मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ लागतो. एका इंजिनावर ४०० नॉट धरले तर मध्यबिंदूपासून दोन्ही टोकं सुमारे ९१५ सागरी मैल, म्हणजे १३७ मिनिटं. फक्त ही दोन टोकं धरली तर १२० मिनिटांची परवानगी असलेल्या विमानाला हा मार्ग बंद, १८० वाल्याला उघडा. कॅनडाचं अलर्ट मध्यापासून साधारण ४७० सागरी मैलांवर आहे, पण ते लष्करी ठाणं, धावपट्टी खडीची. कागदावर ते वर्तुळात येतं म्हणून पर्यायी विमानतळ धरता येत नाही. भरलेलं ७३७ तिथे उतरवून प्रवाशांना ठेवणार कुठे? ध्रुवीय उड्डाणाच्या परवानगीत ही 'उतरल्यावर लोकांना परत कसं आणणार' योजना लेखी द्यावी लागते. अमेरिकी नियमांत विमानात किमान दोन अतिथंडीचे पोशाखही लागतात, कारण बाहेर पडून दार-जिना पाहणारं कोणीतरी हवं.

टोकांचे पर्यायही तोकडे. लाँगयिअरब्येन धुक्यात गेलं तर मुख्य भूमीवरचं ट्रॉम्सो सुमारे ९६० किमी. उत्किआग्विक बंद असेल तर डेडहॉर्स सुमारे ३३० किमी, पण किनाऱ्यावरचंच, बहुतेक वेळा त्याच धुक्यात. भरवशाचं फेअरबँक्स, ८०० किमी. इंधनाचा हिशेब मुळात याच्यावर ठरतो, ३,३९५ वर नाही.

चहाटळ
म्हणजे ३,४०० किमी जायला ४,२०० किमीचं इंधन. रिक्षावाल्यांचं परतीचं भाडं आता पटलं.

डिस्पॅच_डेस्क
@चहाटळ, त्यावर राखीव तीस मिनिटं आणि आकस्मिक इंधन वेगळं.

इंधनाची दुसरी भानगड तापमानाची. युरोपात भरतात ते जेट ए-१ उणे ४७° ला गोठतं, अमेरिकेत सर्वसाधारणपणे मिळणारं जेट ए उणे ४० लाच. टाकीतलं इंधन गोठणबिंदूच्या ३° वर ठेवायचं असतं. म्हणजे अलास्काहून निघताना मर्यादा उणे ३७, लाँगयिअरब्येनहून निघताना उणे ४४. एकाच मार्गाला दोन दिशांना वेगळे नियम. दोन्ही इंधनं मिसळली असतील आणि नमुना तपासलेला नसेल तर उणे ४० च धरा. हिवाळ्यात बाहेर उणे ६५ ते ७० सापडतं. इंधन तासाला साधारण ३° ने थंड होतं, त्यामुळे साडेचार तासांत सहसा निभावतं. पण विमान रात्रभर उघड्यावर उभं असेल तर सुरुवातच उणे २० ला होते. मर्यादा जवळ आली की तीन उपाय: वेग थोडा वाढवा, खाली या, किंवा उबदार हवेकडे मार्ग वळवा. वर चढून फायदा होईलच असं नाही.

टर्ब्युलन्स
+१. दिशादर्शनाचं राहिलं. निघताना ३५५°, पोचताना १८३°, आणि मधे वैमानिकाने कुठेही वळण घेतलेलं नाही. यातली जवळजवळ १४८° ची उलथापालथ ध्रुवापाशीच्या पावणेआठशे किलोमीटरांत, म्हणजे तासाभरात होते. चुंबकीय होकायंत्र इथे निरुपयोगी, क्षेत्राचा आडवा घटक फारच क्षीण. म्हणून खऱ्या उत्तरेवर किंवा ग्रिड पद्धतीवर जातात: एका रेखांशाला समांतर जाळी नकाशावर टाकायची आणि दिशा तिच्यापासून मोजायची. मग आकडा स्थिर राहतो.

एक भारी तपशील. ७३७ ची जडत्व-यंत्रणा जमिनीवर उभी असताना पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर शोधते. त्याची मर्यादा ७८°१५′. लाँगयिअरब्येन विमानतळ ७८°१४′४६″. चौदा सेकंद, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे मीटरने वाचला! या उंच अक्षांशांवर जुळणीला दहाऐवजी सतरा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ विमान हलवायचं नाही.

संपर्काचंही तेच. विषुववृत्तावरचे उपग्रह ८२° च्या वर क्षितिजाखाली जातात. मग एचएफ (लघुलहरी) रेडिओ किंवा ध्रुवावरून फिरणारे इरिडियम उपग्रह. जोराचं सौरवादळ असेल तर एचएफ मरतो आणि असे मार्ग दक्षिणेला वळवतात.

खलाशीबुवा
टर्ब्युलन्स, दंडवत. फक्त 'होकायंत्र निरुपयोगी' हे सरसकट नको. मार्गाच्या दोन्ही टोकांना ते चालतं, सुधारणा मोठी लावावी लागते एवढंच. मधल्या भागाबद्दल मान्य.

टर्ब्युलन्स
बुवा, टोकांनाही चालतं म्हणण्यापेक्षा हलतं म्हणू. ७८° वर सुई इतकी आळशी असते की तिच्यावर विमान सोपवणार नाही. जहाजाला थांबायला वेळ असतो.

कुतूहल_काका
आपली एअर इंडिया पण ध्रुवावरून जाते ना? २०१९ च्या १५ ऑगस्टला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को गेली होती असं स्मरतं. मग त्यांना हे अलर्ट वगैरे चालतं का?

डिस्पॅच_डेस्क
काका, तारीख बरोबर. पण ते ७७७, परवानगी जास्त मिनिटांची आणि इंधनसाठा प्रचंड. त्यांच्यासाठी लाँगयिअरब्येन आणि उत्किआग्विक ही अडीअडचणीला उतरायची ठिकाणं आहेत, जायची नव्हेत.

ट्रॉम्सोकर
खरंच जायचं असेल तर नियमित विमानांनी असं पडतं: लाँगयिअरब्येन–ऑस्लो २,०१०, ऑस्लो–केफ्लाविक १,७८०, केफ्लाविक–सिॲटल ५,८१०, सिॲटल–अँकरेज २,३३०, अँकरेज–उत्किआग्विक १,१६५. बेरीज सुमारे १३,१०० किमी, थेट अंतराच्या जवळजवळ चौपट.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या बाहेर आहे. ऑस्लोमार्गे जाऊन-येऊन करायचं तर दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. एकच प्रवेश घेतलेले लोक परतीला अडकतात. अमेरिकेचा वेगळा.

वेळेचा फरक १० तास. समजा थेट विमान असतं आणि दुपारी १२ ला सुटलं असतं, तर त्याच दिवशी सकाळी साडेसहाला पोचलं असतं. मार्चमध्ये अमेरिका घड्याळं युरोपच्या आधी पुढे करते, त्या मधल्या दिवसांत फरक ९ तास.

नकाशेवाला
सगळ्यांचे आभार. चारही आकड्यांचा उगम कळला. म्हणजे मी '३,३९५ किमी (डब्ल्यूजीएस-८४)' असं लिहितो. कोणी ३,३९४.६ लिहावं असं म्हणेल का?

अनुराधा_क
नको. निर्देशांक विमानतळाच्या संदर्भबिंदूचे असतात, धावपट्टीच्या टोकाचे नव्हेत. लाँगयिअरब्येनची धावपट्टीच अडीच किलोमीटर लांब. कुठल्या टोकाने उडालात यावर तुमचा दशांश काय, एककही बदलेल. 'सुमारे' लिहा आणि पुढे सागरी मैलांत १,८३३ द्या, विमानवाले तेच विचारतात.

चहाटळ
आणि शेजारी ५,००५ पण ठेवा. बुवांची जिलबी वाया जायला नको.